बिनलेबलचं हायब्रीड ऑर्किड: दर बहराला नाव बदलायलंय, मग नेमकं धरायचं काय?

त्रास असा आहे. नर्सरीतून किंवा फुलांच्या प्रदर्शनातून ऑर्किड आणलं, कुंडीत लेबलच नाही, किंवा असलं तर त्यावर नुसतं 'ऑर्किड मिक्स' आणि किंमत. घरी येऊन मोबाईलच्या ॲपवर फोटो टाकला, एक नाव आलं, ते लिहून ठेवलं. पुढच्या वर्षी त्याच झाडाला फूल आलं तर रंग फिका, ठिपके वेगळे, आकार लहान, आणि ॲप आता दुसरंच नाव सांगायलंय. त्याच्या पुढच्या बहराला तिसरं. मग माणसाला वाटतं नर्सरीवाल्यानं फसवलं, नाहीतर बोअरच्या पाण्यानं रंग उतरला. लातूर, परभणी, नांदेड, संभाजीनगर, आपल्या पट्ट्यात ज्यांच्याकडं दोन-चार कुंड्या आहेत त्यातले बहुतेक जण हेच विचारायलेत आणि तेही दरवर्षी त्याच सुमारास, फेब्रुवारी-मार्चात, फुलं उघडायला लागली की.

आधी सरळ उत्तर देते, मग बाकीचं. नुसत्या फुलावरून हायब्रीडचं पक्कं नाव निघत नाही. जीनस (म्हणजे झाडाचं कूळ) कुठला आणि त्यातला प्रकार कुठला इथपर्यंत मात्र घरबसल्या नक्की पोचता येतं, आणि पाणी किती, ऊन किती, थंडी लागते का नाही हे सगळं तेवढ्यावरच ठरतं. पुढचं नाव मिळालं तर बोनस समजा.

नाव का निघत नाही ते समजलं की अर्धी डोकेदुखी जाते. १८५६ साली इंग्लंडात व्हीच यांच्या नर्सरीत जॉन डॉमिनीनं केलेलं पहिलं हायब्रीड ऑर्किड फुललं, कॅलँथे डॉमिनाय, आणि तेव्हापासून लोक क्रॉसवर क्रॉस करतच सुटलेत. त्यांची नोंद आधी सँडर यांच्या यादीत व्हायची, १९६१ पासून तिकडची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी ठेवते, नोंदलेले क्रॉस एक लाखाच्या कधीच वर गेलेत. आता गंमत बघा, नोंदवलेलं नाव हे आई-बापाच्या जोडीला दिलेलं असतं, त्याला ग्रेक्स म्हणतात. त्या जोडीच्या एका शेंगेत लाखो बिया, त्यातून आलेली सगळी झाडं त्याच नावाची, मग एक गुलाबी निघो, एक फिकं निघो, एकाला ठिपके असोत. उलट बाजूनं बघितलं तर फॅलेनॉप्सिसमधली (थोडक्यात फॅल) ती मोठी पांढरी फुलं, ज्यांच्या मुळाशी अमाबिलिस आणि ॲफ्रोडाइट या जंगली जाती आहेत, त्यांचे शेकडो क्रॉस अगदी सारखे दिसतात. म्हणजे सारखं दिसणाऱ्यांची नावं वेगळी आणि वेगळं दिसणाऱ्यांचं नाव एक. ॲप बिचारं फोटोशी फोटो जुळवतं, त्याला खानदान कुठून कळणार. म्हणून ते प्रत्येक पांढऱ्या फॅलला अमाबिलिस म्हणून मोकळं होतं, आणि आपण तेच लेबलवर उतरवतो. ते लिहू नका. अमाबिलिस ही जंगली जात आहे, आपल्या नर्सरीत मिळणारं मोठं गोल पांढरं फूल तिच्या कितीतरी पिढ्या पुढचं आहे.

तर मग ओळखायचं कसं. फूल बाजूला ठेवा, आधी झाडाचं अंग बघा, कारण अंग उन्हाळ्यात बदलत नाही, फूल बदलतं.

पहिला प्रश्न, झाड एकाच खोडानं वर वर चाललंय का बाजूनं नवीन कोंब काढत पसरायलंय? एकाच खोडाचं, बुडाशी फुगीर गड्डा (बल्ब) नाही, पानं दोन बाजूंना आलटून पालटून, असं असलं तर ते बहुतेक फॅल नाहीतर वांडाच्या नात्यातलं. फॅलची पानं रुंद, जाड, जिभेसारखी, मुळं चंदेरी आणि पाणी मारलं की हिरवी होणारी, फुलांची दांडी पानाच्या बगलेतून निघते. वांडाची पानं पट्ट्यासारखी लांब, मधून दुमडलेली, टोकाला कुरतडल्यासारखी खाच, आणि मुळं जाड दोरासारखी हवेत लोंबणारी, म्हणून ते बहुतेक वेळा कुंडीत नाही तर लाकडी किंवा प्लास्टिकच्या बास्केटात टांगून विकतात. पान पट्ट्यासारखं नसून पेन्सिलीसारखं गोल असेल तर ती दुसरी शाखा, सिंगापूरचं राष्ट्रीय फूल मिस जोआकिम याच घरातलं, पूर्वी वांडाच म्हणायचे आता पॅपिलिओनँथे म्हणतात. खोड उंच वाढतंय, फूल चांदणीसारखं अरुंद पाकळ्यांचं आणि रंग भडक केशरी-पिवळा-लाल, तर मोकारा असण्याची शक्यता जास्त, ते अरॅक्निस, ॲस्कोसेन्ट्रम आणि वांडा अशा तिघांचं मिळून केलेलं.

बाजूनं कोंब काढणाऱ्यात आपल्याकडं सगळ्यात जास्त दिसतं ते डेन्ड्रोबियम, त्यातही डेन्फॅल. उसाच्या कांड्यासारखे उभे केन, वरच्या टोकाला पानं, आणि दांडी केनच्या शेंड्याकडून निघते. गावोगावच्या फुलवाल्यांकडं बुकेमध्ये जे जांभळं-पांढरं ऑर्किड खोचलेलं असतं, सोनिया म्हणून जे विकतात, ते हेच. इथं एक घोळ हमखास होतो. या गटाच्या मूळ जातीला पूर्वीपासून डेन्ड्रोबियम फॅलेनॉप्सिस म्हणतात, त्यामुळं नर्सरीवाला बिलावर नुसतं 'फॅलेनॉप्सिस' लिहून देतो आणि घरी आणणारा त्याला फॅलसारखं सावलीत कोंडून ठेवतो. डेन्फॅलला ऊन जास्त लागतं, सावलीत ते फुलतच नाही, आणि मग 'माझं फॅल दोन वर्षं झाली फुलेना' अशी तक्रार. शंका असली तर फुलाची मागची बाजू बघा. डेन्ड्रोबियमला खालच्या पाकळ्या देठाशी जुळून हनुवटीसारखा फुगवटा असतो, फॅलला तसा नसतो. फॅलच्या ओठाच्या, म्हणजे मधल्या वेगळ्या दिसणाऱ्या पाकळीच्या, टोकाला मात्र पुष्कळदा दोन बारीक मिशा असतात, त्या अमाबिलिस वगैरेंकडून आलेल्या.

पानं गळून गेलेल्या जुन्या केनच्या पेरापेरांतून फुलं आली तर ते डेन्ड्रोबियमच्याच नोबिले गटातलं. त्याला हिवाळ्यात थंडी आणि पाण्याची काटकसर लागते. नोव्हेंबर ते जानेवारी आपल्याकडं रात्री गार असतात, तेवढा काळ त्याला शेडनेटमध्ये न कोंडता बाहेर ठेवलं तर जमायचं.

चपटे बल्ब, बुडाशी पानाच्या आतून निघालेली लांब फांद्याफांद्यांची दांडी आणि झगा घातलेल्या बाईसारखी बारीक पिवळी फुलं, हे ऑन्सिडियम. त्यातलं चॉकलेटसारखा वास येणारं तांबूस फूल असलं तर शॅरी बेबी या हायब्रीडच्या नावाला थोडा तरी आधार आहे, कारण तो वास फार कमी हायब्रीडांत आहे, तरी 'शॅरी बेबी असावं' एवढंच लिहा. कॅटलियात बल्ब लांबट, वर एक किंवा दोन कडक चामड्यासारखी पानं, आणि कळ्या बहुतेक वेळा एका खोळीतून बाहेर येतात. एक पान म्हणजे मोठ्या फुलांचा गट, दोन पानं म्हणजे लहान पण जास्त फुलांचा गट, असा ढोबळ हिशोब, क्रॉसमध्ये तो मोडतोही. ओठाला झालरीसारखे धागे असतील तर त्यात डिग्बियाना या जंगली जातीचं रक्त आहे. सिम्बिडियम, गवतासारखी लांब पानं, ते ओळखायला सोपं पण आपल्याकडं सांभाळायला नको, त्याला गार रात्री लागतात, सिक्कीम-कालिम्पाँगचं झाड ते.

अजून खोलात जायची हौस असेल तर परागाच्या गोळ्या मोजा. फुलाच्या मधल्या खांबाच्या टोकाला छोटी टोपी असते, टूथपिकनं हळूच उचलली की पिवळ्या गोळ्या चिकटून येतात. वांडा आणि फॅलमध्ये २, डेन्ड्रोबियम आणि कॅटलियात ४, कॅटलियाच्या नात्यातल्या लेलियात ८. पण गोळ्या काढल्या की ते फूल लवकर मान टाकतं, म्हणून दांडीवरचं सगळ्यात जुनं फूल घ्या.

आता मुख्य दुखणं, रंग का बदलतो.

आपल्या हवामानात हे होणारच. फॅल सतत २८ अंशांच्या वर राहिलं तर दांडी काढत नाही, पानंच काढत बसतं. म्हणजे आपल्याकडं मार्च ते ऑक्टोबर विसरा, दांडी निघते ती दिवाळीनंतर रात्री गार व्हायला लागल्या की. तिथून कळी उघडेपर्यंत साधारण तीनेक महिने जातात, म्हणजे नेमकं फेब्रुवारी-मार्च, आणि तोवर दुपारचा पारा ३५ च्या पुढं सरकलेला असतो. जांभळा-गुलाबी रंग ज्या द्रव्यानं येतो ते अँथोसायनिन उष्णतेत कमी तयार होतं, थंडीत जास्त. म्हणून तुमच्या घरची फुलं फिकी आणि लहान, आणि नर्सरीतली, जी पंखा आणि ओल्या पॅडच्या पॉलीहाऊसमध्ये गारव्यात वाढलेली असतात, ती गडद आणि मोठी. झाड तेच, आई-बाप तेच, ऋतू वेगळा. एकाच दांडीवरचं जानेवारीत उघडलेलं पहिलं फूल आणि मार्चमध्ये उघडलेलं शेवटचं फूल शेजारी धरून बघा, दोन झाडांची वाटतील.

म्हणून आणल्या दिवशीचा फोटो सगळ्यात मोलाचा. त्या फुलाची वाढ त्याला मानवेल अशा हवेत झालेली असते, खरा रंग तो धरा. पुढच्या बहरांचे फोटो फक्त 'आपल्याकडं कसं येतं' या खात्यात.

ठिपक्यांचा वेगळा प्रकार. तैवानहून आलेले हार्लेक्विन फॅल, ज्यांची सुरुवात गोल्डन पिओकरपासून झाली, त्यांच्या पाकळ्यांवर शाई सांडल्यासारखे मोठे डाग असतात आणि ते डाग दर बहराला, कधीकधी एकाच दांडीवरच्या दोन फुलांतही, वेगळे पडतात. तिथं डागांवरून नाव जुळवत बसणं म्हणजे वेळ घालवणं. काही वेळा बाजूच्या दोन पाकळ्या ओठासारख्या वाकड्या, जाड, रंगीत होऊन येतात, टिश्यू कल्चरच्या झाडांत हे जास्त दिसतं, ती नवीन जात नव्हे, पुढच्या बहराला साधं फूलही येऊ शकतं.

आणि निळं. निळं फॅल दिसलं की लोक डबल पैसे देतात, मी तर एका लग्नाच्या हॉलमध्ये रांगच लावलेली बघितली. गडद शाईसारखा निळा फॅल म्हणजे दांडीत सुईनं रंग सोडलेला पांढरा फॅल, दांडीवर बारकाईनं बघा, टोचल्याचं भोक किंवा ते बुजवलेलं मेण दिसतं. पुढच्या बहराला पांढरं येतं आणि माणूस म्हणतो रंग गेला. रंग त्याचा नव्हताच. जपानच्या चिबा विद्यापीठातल्या लोकांनी खरंखुरं निळं फॅल केलंय, त्यासाठी जीन घेतला तो आपल्या शेतातल्या केन्याच्या भावकीतल्या एका झाडाचा, ज्याला आपण खुरपून बांधावर फेकतो, पण ते झाड आपल्या नर्सरीत मिळत नाही. वांडात मात्र जांभळट निळा आणि त्यावर जाळी हा खरा रंग असतो, तो ईशान्येकडच्या वांडा सेरुलियाकडून आलेला. १९३१ साली नोंदलेलं रॉथ्सचाइल्डियाना हे हायब्रीड त्याचंच, पण त्यानंतर सेरुलियाचे इतके क्रॉस झालेत की निळ्या जाळीवरून तेच नाव चिकटवू नका.

एक गोष्ट मात्र गंभीर. रंग फिका होणं वेगळं आणि रंग तुटक-तुटक होणं वेगळं. पाकळीवर वेडेवाकडे पट्टे, कुठं रंग जमा झालेला कुठं उडालेला, सोबत पानांवर काळपट किंवा पिवळे चट्टे किंवा गोल कडी, असं असेल तर व्हायरसचा संशय घ्या. सिम्बिडियम मोझॅक आणि ओडोन्टोग्लॉसम रिंगस्पॉट हे दोन सगळीकडं पसरलेले आहेत आणि त्यावर औषध नाही. 'नवीन दुरंगी व्हरायटी' म्हणून कोणी कौतुकानं तुकडा मागितला तर देऊ नका, कुंडी वेगळी ठेवा, आणि कात्री गॅसच्या ज्योतीवर तापवल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात थ्रिप्सही फुलं खरवडून विद्रूप करतात, पण ते फूल कागदावर झटकलं की बारीक किडे पडतात, म्हणजे फरक कळतो.

फोटोचं पण बोलू, कारण ॲपच्या अर्ध्या चुका फोटोच्या असतात. आपल्याकडं सगळ्यांची झाडं हिरव्या शेडनेटखाली. त्या उजेडात पांढरं हिरवट दिसतं, जांभळं मळकट दिसतं, आणि मोबाईल आपल्या मनानं रंग दुरुस्त करायला जाऊन अजून बिघडवतो. कुंडी नेटच्या बाहेर सावलीत आणा, सकाळची वेळ, मागं पांढरा कागद. समोरून, बाजूनं, मागून आणि ओठ जवळून, असे फोटो घ्या, आणि एका फोटोत शेजारी १० रुपयांचं नाणं धरा, त्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे, फुलाचं माप आपोआप निघतं. सोबत अख्ख्या झाडाचा एक, दांडी कुठून निघाली ते दिसेल असा. नुसत्या फुलाचा क्लोजअप पाठवून 'नाव सांगा' म्हणणाऱ्याला कुणीही जाणकार माणूस अंदाजच सांगणार.

नाव मिळायची खरी जागा म्हणजे जिथून झाड आलं ती. कुंडी उलटी करून बुडाला बघा, शेवाळात खुपसलेला छोटा टॅग असतो कधीकधी, मातीनं माखलेला. मग नर्सरीवाल्याला विचारा. तो म्हणणार, "घ्या की ताई, नाव काय करायचंय, फूल बघा फूल." तरी चिकाटी धरा. माल पुण्याहून किंवा बेंगळुरूहून खोक्यात येतो, खोक्यावर किंवा सोबतच्या चलनावर व्हरायटीचं नाव नाहीतर कोड असतो, खोकं फेकायच्या आत फोटो मागा. तिथलं नाव व्यापारी नाव असू शकतं, नोंदलेलं ग्रेक्स नसेलही, पण धागा तरी हाताला लागतो. झाड घेताना आत्ताच विचारणं आणि वर्षानं विचारणं यात फार फरक पडतो.

जे मिळेल तेवढंच लेबलवर. नाव माहीत नसलेल्या झाडाला नोआयडी म्हणतात. माझ्या लेबलवर असं असतं: 'नोआयडी डेन्फॅल, जांभळं, ओठ गडद, मध्ये पांढरं', खाली कुठून घेतलं आणि वर्ष. अंदाज असला तर वेगळ्या ओळीत, समोर प्रश्नचिन्ह. अंदाज पक्का म्हणून लिहिला की तो दुसऱ्याकडं जाऊन पक्काच होतो, आणि मग चार घरांत एकाच चुकीच्या नावाची झाडं. नोआयडी झाडाचा क्रॉस करून त्याची नोंद करता येत नाही, आई-बाप लागतात, तेवढं सोडलं तर घरात ठेवायला नावाविना काही अडत नाही.

लेबल टिकत नाही हाही मूळ प्रश्नाचाच भाग, कारण कितीतरी नोआयडी झाडं आपल्याच घरात नोआयडी होतात. परमनंट मार्कर आपल्या उन्हात एका उन्हाळ्यात उडतो, प्लास्टिकची पट्टी कडकडून तुटते, उरलेलं काम खारी करतात. साधी २बी पेन्सिल वापरा, ती उन्हानं उडत नाही. त्याहून पक्कं म्हणजे कोल्ड्रिंकच्या कॅनची पट्टी कापून त्यावर बॉलपेननं दाबून लिहा, शाई गेली तरी ठसा राहतो, कडा मात्र घासून घ्या, हात कापतो. पट्टी कुंडीत खोचू नका, तारेनं केनला किंवा बास्केटला बांधा, कुंडी बदलताना लेबल हरवतं ते खोचलेलं असतं म्हणून. आणि आपल्या बोअरच्या पाण्यानं पट्टीवर पांढरा थर चढतो, मुळांवर चढतो तसाच. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं ऑर्किडला पावसाचं पाणी साठवून घाला म्हणणं थोडं जास्तच होतं, पण एसीचं गळणारं पाणी बादलीत धरायला पैसे पडत नाहीत. आरओचं टाकाऊ पाणी मात्र अजिबात नको, त्यात क्षार अजून जास्त असतात.

शेवटचं, डेन्फॅलच्या केनवर किंवा फॅलच्या दांडीवर पिल्लू फुटलं की ते आईचंच हुबेहूब रूप, नाव तेच, नोआयडी असलं तरी तोच नोआयडी. मुळं दोन-तीन इंच झाली की वेगळं करता येतं. वेगळं करायच्या आधी दुसरी पट्टी तयार ठेवा, त्यावर आईचं लेबल जसंच्या तसं उतरवा आणि आईच्या आणल्या दिवशीचा फोटो पिल्लू नेणाऱ्याच्या मोबाईलवर पाठवून द्या.